लिंबाच्या अलीकडे

सकाळी साडेसहाला मी जिना उतरत होतो आणि पहिल्या मजल्यावर सवितावहिनींचा टीव्ही बंद झाला. यात नवीन काहीच नव्हतं. गेले सात महिने माझे बूट त्या मजल्याजवळ आले की तो बंद व्हायचा आणि मी ते योगायोगावर ढकलत आलो होतो. माणसाला जे समजून घ्यायचं नसतं ते ढकलायला योगायोगाइतकी सोयीची जागा नाही. पण आज त्यांचं दार सताड उघडं होतं. वहिनी कणकेच्या हातात रिमोट धरून टीव्हीसमोर उभ्या होत्या आणि मान वळवून जिन्याकडे बघत होत्या. आमची नजरानजर झाली. त्या ओशाळून हसल्या. "निघालात का सर? आज मुलांची स्पर्धा ना?" हे त्यांनी अगदी हळू विचारलं, दवाखान्यात विचारतात तसं. मी हो म्हटलं. खाली गेटपाशी पोचल्यावर मी उगाच बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि वर कान दिला. टीव्ही पुन्हा लागला होता. म्हणजे तो माझ्यापुरताच बंद होत होता. नूरला, माझ्या बायकोला, जाऊन सात महिने झाले. आमच्यात पुरुषाला दुखवटा तीन दिवसांचा. हे सात महिने कुणाच्या रिवाजात बसतात ते मला वहिनींना विचारायचं होतं. पण कणकेच्या हातानं कुणी आपला मान राखत असेल तर त्याच्याशी भांडायचं कसं? शाळेपर्यंत मी चालत गेलो. बाजारात चिक्कीची दुकानं उघडत होती, शटर वर जाण्याचे आवाज येत होते, आणि माझं लक्ष सारखं एकाच गोष्टीकडे होतं, की मी जवळ आल्यावर त्यातलं कुठलं थांबतंय का.

शटरं थांबली नाहीत. बस थांबली, म्हणजे बसमधला गोंधळ. चोवीस मुलं, लाल कोट, सोनेरी गोंडे, मांडीवर कॉर्नेट आणि ट्रॉम्बोनच्या पेट्या. बाहेरून ऐकलं तर आत बाजार भरलाय असं वाटावं. मी पायरीवर पाय ठेवला आणि सगळे गप्प. कुणी दटावलं नव्हतं. पूर्वी मी चढलो की गोंधळ वाढायचा, कारण मला बघून प्रत्येकाला तक्रार आठवायची. सर, याने माझं माउथपीस लपवलं, सर, हिचा व्हॉल्व्ह अडकतो, सर, खिडकी. आता कुणाचंच काही अडकत नाही. भूगोलाच्या अनघा टीचर आमच्याबरोबर येतात, त्यांनी शेजारची जागा रिकामी केली आणि म्हणाल्या, "बसा सर, शांतपणे बसा." मी शांतपणे बसलो. दुसरं काय करणार? माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे आणि म्हणायचे, बँडवाल्याच्या घरात शांतता म्हणजे चूल पेटली नाही. आमच्या घरात नूर होती तोवर शांतता कधी फिरकली नाही. नूरला एका कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे टीव्ही मोठा, फोनवरचं बोलणं मोठं, आणि माझ्या सरावाच्या वेळी लाटणं ओट्यावर आपटून "पुरे तुमची ती पिपाणी" हे सगळ्यात मोठं. मुलगा शाहबाज मस्कतला असतो. दर शुक्रवारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अब्बू, आवाज येतोय ना?" मी येतोय म्हणतो. मग दोघांनाही पुढे काय बोलायचं ते सुचत नाही.

या स्पर्धांविषयी सांगायला हवं, नाहीतर मी पुढे काय करून बसलो ते कळणार नाही. चैत्रातल्या जत्रांमध्ये मावळातली तीन गावं एकाच दिवशी बँडची स्पर्धा ठेवतात. प्रत्येक बँडनं वेशीपासून देवळापर्यंत वाजवत चालायचं आणि देवळापुढं एक गत उभ्यानं वाजवायची. एका गावात वाजवून झालं की बसमध्ये बसून पुढच्या गावात धावायचं. परीक्षक देवळाशेजारच्या खोलीत दारं-खिडक्या लावून बसतो. कुठली शाळा, कुणाचे कोट, कुणाची पोरं, त्याला काही दिसत नाही. तो फक्त ऐकतो. आणि एक जुना रिवाज आहे. वाटेत सुतकाचं घर असेल तर त्या दारापुरतं वाजवणं थांबवायचं. वाद्यं खाली, नुसती पावलं. घर मागे पडलं की पुन्हा सुरू. गावाचा माणूस वेशीवर येऊन आधी सांगून जातो, आणि परीक्षकालाही कळवलेलं असतं, त्यामुळे त्या शांततेचे गुण कापत नाहीत. मला हा रिवाज फार आवडायचा. मुलांना शिकवताना मी म्हणायचो, वाजवणं कुणीही करेल, सगळ्यांनी एका क्षणी थांबून दाखवा. माझा उजवा हात मुठीसकट वर गेला की चोवीस जण थांबतात. ही माझी एकुलती एक कमाई.

पहिलं गाव मळवलीजवळचं. तिथे आम्ही बरे वाजलो. दुसऱ्या गावाचं नाव मी सांगत नाही, तिथे मला पुन्हा तोंड दाखवायचं आहे. दुपारचे दोन वाजत आले होते, कोटांच्या आत मुलं भिजून गेली होती. वेशीवर गावचे कोंडाजी आबा आले. पांढरी टोपी, गळ्यात कार्यकर्त्याचा बिल्ला. म्हणाले, "सर, मधी लिंबाचं झाड लागंल. लिंबाच्या फुडं, डाव्या हाताला, पत्र्याच्या मांडवाचं घर. तितं नवव्या दिसाचं सुतक हाय. तितं तेवढं गप व्हायचं." मी म्हटलं, लिंबाच्या पुढे, डावीकडे, मांडव. ऐकण्यात काही चूक झाली नाही, समजण्यातही नाही. हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा बजावलं. आम्ही निघालो. मी पुढे, माझ्यामागे रुपाली आणि कॉर्नेटची रांग, मग ट्रॉम्बोन, मग आयराचा मोठा ड्रम, जो तिच्यापेक्षा मोठा दिसतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक. पोरं खांद्यावर, मोबाइल वर. आणि मग लिंबाच्या बऱ्याच अलीकडे, डावीकडे, एक घर आलं, ज्याच्यापुढे कुणीच नव्हतं. इतक्या गर्दीत त्या दारापुढचा तेवढा तुकडा रिकामा होता. ओट्यावर एक म्हातारी बसली होती. पाय खाली सोडलेले, हात मांडीत. ती बँडकडे बघत नव्हती आणि दुसरीकडेही बघत नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं आणि माझा हात वर गेला.

तो मी नेला नाही, गेला, असं म्हणायचा मोह होतो. पण हात माझाच होता. चोवीस मुलं एका क्षणात थांबली; एक सूर मागे राहिला नाही, एक काठी चुकून पडली नाही. आयुष्यात इतकी स्वच्छ शांतता मी कुणाकडून वाजवून घेतली नव्हती. नुसती पावलं. गर्दीसुद्धा गप्प झाली. त्या पावलांच्या आवाजात आम्ही त्या घरापुढून चाललो होतो आणि मला, खरं सांगतो, बरं वाटत होतं. सात महिन्यांत पहिल्यांदा मी कुणाच्यातरी दुःखाला मान देत होतो, घेत नव्हतो. मग मागून आवाज आला. "ओ बँडवालं! हितं का गप झाला? कोन मेलंय हितं?" म्हातारी उभी राहिली होती. "मी जित्ती हाय की!"

कुणीतरी फस्सकन हसलं. मी गडबडून हात खाली आणला, म्हणजे सुरू करण्याची खूण, आणि मुलांनी जीव खाऊन सुरू केलं. त्याच धडाक्यात आम्ही लिंब ओलांडला. पुढे डावीकडे पत्र्याचा मांडव होता. खाली खुर्च्यांवर तीस-चाळीस माणसं, दारात चपलांचा ढीग, चहाचे कप, एका कोपऱ्यात बायका बोलत बसलेल्या, दोन पोरं चपलांची गाडी करून खेळत होती. इतकं भरलेलं घर मी त्या गावात दुसरं पाहिलं नाही. आम्ही त्या घरावरून पूर्ण आवाजात वाजवत गेलो. माझा हात पुन्हा वर जाईना. मांडवातल्या एका म्हाताऱ्यानं मांडीवर ठेका धरला, तर शेजारच्यानं त्याचा हात दाबून धरला. देवळापुढची गत आम्ही कशी वाजवली ते आठवत नाही. बंद खोलीतल्या परीक्षकाला फक्त एवढंच कळलं असणार की एक बँड नको तिथे थांबला आणि हवं तिथे थांबला नाही.

कोंडाजी आबा रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "सर, लिंबाच्या फुडं म्हनलो व्हतो की. असूं द्या. त्यो म्हातारा ब्यान्नव वर्साचा व्हऊन गेला, त्याला बँड लय आवडायचा. पर त्या नंदाबाईनं कालवा मांडलाय." नंदाबाई म्हणजे ती ओट्यावरची. तिचा मुलगा माऊली नवलाख उंबऱ्याला कंपनीत होता आणि तिकडेच खोली करून राहत होता. तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती, की गावाला काहीतरी कळलंय आणि तिला सांगत नाहीत. बँड उगाच कुणाच्या दारात गप होतो का? ती मुलाला फोन लावत होती आणि तो उचलत नव्हता. "तिचं नगा मनावर घेऊ," आबा म्हणाले, "यकटी असती, डोस्कं फिरतंय मग." अनघा टीचर घड्याळ बघत होत्या. तिसऱ्या गावाला, बेडशाला, चारच्या आत पोचायचं होतं. तिथला नंबर सगळ्यात मोठा, आणि दहावीच्या मुलांचं हे शेवटचं वर्ष. "सर, आबा तिला समजावतील ना. निघायला हवं," त्या म्हणाल्या. मला ते पटत होतं. मी बसच्या दारापर्यंत गेलोसुद्धा. मुलं माझ्याकडे बघत होती आणि गप्प होती. त्यांनी माझ्याकडे असंच बघत बेडशापर्यंत यावं हे मला सहन होणारं नव्हतं, आणि ज्या बाईला मी तिच्याच दारात बसल्याबसल्या निपुत्रिक केलं तिला तसंच सोडणं त्याहून नाही. मी रुपालीला म्हटलं, "हात तू करायचास. मूठ वर, मूठ खाली. बाकी तुला सगळं येतं." ती म्हणाली, "पण सर, तुम्ही?" मी म्हटलं, मागून येतो. जादा म्हणून ठेवलेली कॉर्नेटची पिशवी माझ्या खांद्यालाच राहिली, हे बस निघून गेल्यावर लक्षात आलं.

नंदाबाईनं मला ओळखलं. लाल कोट लांबून ओळखू येतो. "तुमीच ना हात वर केला? खरं सांगा, माज्या माऊलीचं काय झालंय?" मी म्हटलं, काही झालेलं नाही मावशी, माझी चूक झाली, घर चुकलं. तिचा विश्वास बसला नाही. तिच्या हातात बटणाचा छोटा फोन होता, दोरीने गळ्यात अडकवलेला. ती बटण दाबायची, कानाला लावायची, पलीकडे वाजत राहायचं, आणि ती फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघायची. मी माझ्या फोनवरून लावून पाहिला. वाजत राहिला. "कंपनीत फोन आत नेऊ देत नसतील," मी म्हटलं. "लॉकरमध्ये ठेवावा लागतो." ती म्हणाली, "ठावं हाय मला. साडेतीनाला सुटी व्हती. रोज ठावं असतंय. आज न्हाई." मी ओट्यावर तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसलो. रस्त्यावरून दुसरे बँड जात होते. एकही त्या दारात थांबला नाही, थांबायचं कारण नव्हतं. ते लिंबाच्या पुढे जाऊन नेमके थांबत होते आणि ती शांतता आम्हाला इथे ऐकू येत होती. प्रत्येक वेळी वाजवणं थांबलं की नंदाबाईचा हात पदराकडे जायचा. मी दुपारभर तेच मोजत बसलो, चार बँड, चार शांतता. मला स्वतःची लाज वाटत होती.

तिनं मधेच विचारलं, "मला बगून का वाटलं वो तुमाला?" मी काहीतरी सांगणार होतो, ऊन होतं, गर्दी होती. पण ती फोनकडे बघत होती, माझ्याकडे नाही, आणि तशा माणसाशी खोटं बोलणं अवघड जातं. म्हटलं, "तुम्ही बसला होता तसं बघून. वाट बघत बसतात तसं नाही. नुसतं." "मंग मी रोजच तशी बसती," ती म्हणाली. "आमच्या दारात कोन थांबत न्हाई. तुमी थांबला, ते बी असं." मग तिनं मला विचारलं, घरात कोण आहे. मी म्हटलं, कोणी नाही, बायको होती, सप्टेंबरात गेली. हे वाक्य मी आजवर अनेकांना सांगितलं आणि ऐकणाऱ्यानं प्रत्येक वेळी आवाज खाली आणला. नंदाबाईचा आवाज होता तिथेच राहिला. "सैपाक कोन करतं?" मीच. "भाकरी येती?" चपाती येते, भाकरी फुटते. "पानी कडत घ्या की," ती जवळजवळ खेकसली. नूरही हेच म्हणायची, याच आवाजात. मी लिंबाकडे बघत राहिलो.

तीन चाळीसला फोन वाजला. तिच्या हातून तो उचलला जाईना, बटण सापडेना, मी दाबून दिलं. माऊलीचा आवाज इतका मोठा की मलाही सगळं ऐकू आलं. "आये, काय गं? चौदा मिसकॉल? काय झालंय?" ती म्हणाली, "काय न्हाई. बरा हायस ना?" "मला काय धाड भरलीय? बस सुटंल माजी. काम काय ते सांग." "काय न्हाई रं. बँड आलता दारात, म्हनून केला." "बँड? त्याच्यापायी चौदा? येतो मी रविवारी." आणि फोन बंद. सगळं मिळून अर्धं मिनिट. कुठल्या रविवारी ते त्यानं सांगितलं नाही. नंदाबाईनं फोन पदराला पुसला आणि पोलक्यात सारला. तिचं पोर जिवंत होतं, सुखरूप होतं, बस पकडायच्या गडबडीत होतं. मला वाटलं ती आता हसेल, मला शिव्या घालेल, दोन्ही चाललं असतं. ती पहिल्यासारखीच बसली. पाय खाली, हात मांडीत. मी पाहिलेलं तेच होतं, फक्त आता मला त्याचं कारण माहीत होतं, आणि ते कारण म्हणजे कुणाचं मरण नव्हतं. मी उठलो. म्हटलं, येतो मावशी.

"असं कसं?" ती म्हणाली. "दारात गप करून गेलात. ते तसंच ठेवता व्हय? त्या पिशवीत काय हाय?"

मी कॉर्नेट बाहेर काढलं. सप्टेंबरपासून मी ते मुलांना पुसून दिलं, तेल घातलं, पण ओठाला लावलं नव्हतं. कुणी मनाई केली नव्हती. घरात वाजवलं तर ओट्यावर लाटणं आपटायला कुणी नाही, एवढंच. मी रस्त्यावर उतरलो, जिथे माझा हात वर गेला होता तिथे उभा राहिलो आणि ज्या ठिकाणी आम्ही थांबलो होतो तिथून पुढचं वाजवायला सुरुवात केली. ओठांची सवय गेलेली. पहिला सूर फाटला, दुसरा निघालाच नाही. "रेडा वरडतोय जनू," नंदाबाई ओट्यावरून म्हणाली. समोरच्या घरातली दोन पोरं बाहेर आली. मी पुन्हा सुरू केलं आणि चालत, एकटा, ड्रमशिवाय, तिच्या दारावरून पुढे गेलो. दारापुरतं म्हणजे पंधरा पावलं. आम्ही जेवढं गिळलं होतं तेवढंच, जास्त नाही. चांगलं वाजलं नाही. पण मोठं वाजलं. टोकाला जाऊन मी वळून पाहिलं. ती म्हणाली, "आता जावा," आणि उठून घरात गेली, आणि आत भांड्यांचा आवाज सुरू झाला.

बेडशाला जायला उशीर झाला होता; टेम्पोतून कामशेतला येताना रुपालीचा फोन आला. "सर! बेडशाला दुसरा नंबर! मी हात केला, सगळे एकदम थांबले, सर, एकदम!" तिच्यामागे बसमध्ये नुसता कल्लोळ चालला होता, कुणी पत्रा बडवत होतं, कुणी ट्रॉम्बोनमधून घाणेरडे आवाज काढत होतं. मग ती फोनपासून तोंड बाजूला घेऊन ओरडली, "ए, गप बसा रे, सर आहेत फोनवर." आणि कल्लोळ बंद झाला. मी म्हणणार होतो, नको, राहू दे. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी म्हटलं, शाब्बास, आणि ठेवून दिला. माझ्याशिवाय दुसरा नंबर. आनंदच झाला, आणि त्या आनंदाबरोबर एक गोष्ट कळली, की सकाळी मी चढल्यापासून ती बस पहिल्यांदा मोकळेपणानं ओरडली होती.

लोणावळ्यात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. बिल्डिंगच्या जिन्यात भाजी फोडणीला टाकल्याचा वास होता. खालूनच ऐकू येत होतं, पहिल्या मजल्यावर मालिका चालली होती, कुणीतरी कुणालातरी घराबाहेर काढत होतं. मी पाऊल हळू टाकू शकलो असतो. बूट हातात घेऊन गेलो असतो तर कळलंही नसतं. मी नेहमीसारखा चढलो आणि शेवटच्या तीन पायऱ्यांवर आवाज बंद झाला. मी वर गेलो नाही. बेल वाजवली. सवितावहिनींनी दार उघडलं, रिमोट हातातच होता, मागे त्यांची सासू पलंगावर. "काय झालं सर?" त्यांनी दवाखान्यातल्या आवाजात विचारलं. बोलायचं कसं ते मी पायऱ्यांवर जुळवलं होतं, पण आता त्यातलं काही आठवेना.

"वहिनी, टीव्ही लावा," मी म्हटलं.

"अहो, लावला नव्हता... म्हणजे, तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"लावा. मोठा लावा. नूर लावायची तेवढा. मी जिवंत आहे अजून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, कदाचित त्यांना मी वेडा झालोय असं वाटलं असेल. पलंगावरून सासू म्हणाली, "लाव गं, काय म्हणतायत ते." मी वर आलो. दार उघडं ठेवलं, दिवा लावला नाही, कोट न काढताच खुर्चीत बसलो. बराच वेळ काही आलं नाही. मग खालून आवाज आला, आधी चाचरत, मग एकेक टप्पा वाढत. मालिका संपली होती. भांडी घासायच्या साबणाची जाहिरात होती, कुणी बाई दुसऱ्या बाईला ओरडून सांगत होती की एक थेंब पुरतो. मी ती शेवटपर्यंत ऐकली. ती लगेच पुन्हा लागली, आणि मी तीही ऐकली.